लेकाचं हर्नियाचं ऑपरेशन: आमचा अनुभव

रडला की लेकाच्या जांघेत फुगवटा यायचा. हर्निया निघाला. परळच्या एका हॉस्पिटलात तारीख मिळाली आणि नेमकी तेव्हाच सर्दी झाली. भूलतज्ज्ञांनी छाती तपासली आणि तारीख पुढे ढकलली. सासूबाई वैतागल्या, "नाक वाहतं म्हणून कुणी ऑपरेशन थांबवतं का गं?" पण सर्दी-खोकल्यात लहान मुलांची श्वासनलिका भूल देताना आकसू शकते. मला तर थांबवलं तेच बरं वाटलं.

पुढच्या वेळी खाणं-दूध 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालेल म्हणाले. सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ. मोठ्यांसारखं वस्तऱ्याने साफ करतात का, असं मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, वस्तरा नकोच, त्याने त्वचेला बारीक ओरखडे पडतात आणि तिथेच जंतू बसतात.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तेच प्रश्न पुन्हा पुन्हा. नाव काय, कुठली बाजू, कसली अ‍ॅलर्जी? मनगटावरची पट्टी कागदाशी ताडून पाहिली, उजव्या मांडीवर पेनाने काढलेला बाणही बघितला. नवरा कंटाळला, पण ऑपरेशनच्या सुरक्षिततेची ही तपासणी-यादी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलीय, आणि ती उरकून टाकणारे लोक मला नकोच होते. आत नेताना लेकाला उबदार पांघरूण गुंडाळलं. पोरं पटकन गार पडतात, आणि अंग गार पडलं की जखमेत जंतूंचं फावतं.

अँटिबायोटिकचा एकच डोस, तोही चिरा देण्याआधी. घरी जाताना फक्त पॅरासिटामॉल. यावर सगळे नातेवाईक डॉक्टर झाले! ऑपरेशन संपल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू नका, असं त्याच संघटनेच्या 2016 च्या सूचना सांगतात.

घरी खरी लढाई हळदीशी. "थोडीशीच लावते" म्हणत सासूबाई वाटी घेऊन आल्या होत्या. त्यांना म्हटलं, आई, हळद दुधात घाला, टाक्यांवर काही नको. बघायला येणाऱ्या शेजाऱ्यांसाठी चपलांच्या रॅकवर सॅनिटायझर ठेवला. पावसाळ्यात चड्ड्या वाळत नाहीत, म्हणून घालण्याआधी इस्त्री फिरवायचे.

जखम लाल होणं, गरम लागणं, पू किंवा ताप यांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तेवढ्यासाठी डिस्चार्जच्या कागदावर वॉर्डचा नंबर लिहून घ्या. ओपीडीचा फोन रात्री कुणी उचलत नाही.