कोरा ठेवलेला कागद

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे आमंत्रण आले, तेव्हा प्रथम आठवली ती चित्रकलेच्या वर्गातील खिडकी, जिच्यातून पांडवगड दिसत असे. त्या वर्गात बसून मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा दिल्या. त्यापलीकडे माझे चित्रकलेचे शिक्षण झालेले नाही. पुढे वाणिज्य शाखा, बँकेतील नोकरी आणि रविवारी सकाळी कृष्णेचा घाट, असा क्रम तीस वर्षे चालला.

वाईचे दगडी घाट रंगवताना मी कित्येक वर्षे काळा रंग वापरत होतो, कारण हा दगड काळा, असे लहानपणापासून ऐकत आलो होतो. चित्रातील पायऱ्या मात्र कागदाला भोके पडल्यासारख्या दिसत. एका हिवाळ्यात मेणवलीच्या घाटावर एकाच पायरीकडे बराच वेळ पाहत बसलो असता ध्यानात आले की, तिरप्या उन्हात तिची उभी बाजू निळसर असते आणि पावलांनी झिजलेला आडवा भाग जवळजवळ पांढरा दिसतो. त्या दिवशी काळ्या रंगाची ट्यूब पेटीतून काढली, ती कायमची. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की त्या दगडाचा करडा मिळतो; निळा वाढवला तर सावली, तांबूस वाढवला तर ऊन.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा राखायचा असतो. आमचे सर आठवीतच सांगत, "आधी उजेड कुठे आहे ते ठरव, मग ब्रश ओला कर." मला ते खऱ्या अर्थाने उमगायला चाळिशी उलटावी लागली. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू, पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून, माशाच्या आकाराची केलेली आहे. त्या निमुळत्या कडेवरचा उजेड मी अनेकदा गमावला, कारण आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, घाईने खाली ओढताना तो कडेवरून जाई आणि एकदा भिजून रंगलेला कागद पूर्वीसारखा पांढरा होत नाही. आता मी आकाशाला हात लावण्यापूर्वी ती कड पेन्सिलीने आखतो आणि भोवतालचा कागद ओला करताना तेवढी जागा कोरडी सोडतो.

महोत्सवानिमित्त त्या देवळाचे एक चित्र मी चित्रकलेच्या वर्गाला देत आहे. ते खिडकीसमोरच्या भिंतीवर लावावे, एवढी विनंती आहे. त्यातील नदीला मी रंग लावलेला नाही.