प्रवाळभित्तीच्या कपारींतले स्पंज

उष्ण कटिबंधातले समुद्राचे पाणी नितळ दिसते, कारण त्यात अन्नद्रव्यांची टंचाई असते. नायट्रोजन आणि फॉस्फरस अत्यल्प असलेल्या या पाण्यात प्रवाळभित्तीची गजबजलेली जीवसृष्टी कशी तग धरते, हा प्रश्न डार्विनचा विरोधाभास म्हणून ओळखला जातो. त्याच्या उत्तराचा मोठा भाग भित्तीच्या अंधाऱ्या कपारींना चिकटून राहणाऱ्या स्पंज या सच्छिद्र, साध्या प्राण्यांकडे आहे, असे मला ठामपणे वाटते.

प्रवाळ आणि शैवाल प्रकाशसंश्लेषणातून मिळवलेल्या अन्नाचा बराच वाटा चिकट स्राव आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये यांच्या रूपाने पाण्यात सोडतात. हे विरघळलेले अन्न बहुतेक प्राण्यांच्या उपयोगाचे नसते. जिवाणू ते वापरतात. परंतु जिवाणूंकडून एकपेशीय भक्षकांकडे आणि तिथून पुढे जाताना प्रत्येक पायरीवर त्यातला मोठा हिस्सा श्वसनात खर्ची पडतो.

स्पंज मात्र दिवसभर पाणी ओढत असतो. त्याच्या अंगाशी थोडा फ्लुरेसीन रंग सोडला, तर ऑस्टिया म्हणजे अंगावरच्या बारीक छिद्रांतून आत शिरलेला तो रंग काही क्षणांतच ऑस्क्युलम या मोठ्या तोंडातून हिरव्या धुराच्या लोटासारखा बाहेर पडतो. या वाटेवर कॉलर पेशी, म्हणजे शेपटीसारख्या तंतूने पाणी ढकलणाऱ्या पेशी, पाण्यातले जिवाणू आणि विरघळलेली द्रव्ये टिपून घेतात. कॅरिबियनमधल्या क्युरासाव बेटाजवळ यास्पर डे खूय या डच संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हॅलिसार्का सेरुलिया हा पातळ थरासारखा पसरणारा स्पंज अभ्यासला, तेव्हा तो स्वतःच्या शरीरातील कार्बनच्या सुमारे दोन-तृतीयांश इतका सेंद्रिय कार्बन दररोज घेतो आणि तरीही जवळजवळ वाढत नाही, असे आढळले. मग एवढे अन्न जाते कुठे? काही श्वसनात जाते. पण त्याच्या कॉलर पेशींचे एक विभाजनचक्र अवघ्या 5.4 तासांत पुरे होते आणि जुन्या पेशी सतत झडत राहतात. स्पंजाखाली साचणाऱ्या बारीक तपकिरी गाळात या झडलेल्या पेशीही असतात.

2013 मध्ये याच गटाने कार्बन आणि नायट्रोजनच्या जड समस्थानिकांनी (त्याच मूलद्रव्याच्या अधिक वजनाच्या अणूंनी) खुणावलेले विरघळलेले अन्न स्पंजांना दिले. ती खूण आधी स्पंजांत, मग त्यांच्या गाळात आणि शेवटी तो गाळ खाणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात सापडली. पाण्याबरोबर वाहून गेले असते ते अन्न अशा रीतीने खाण्याजोगे होऊन भित्तीतच राहते. या फेऱ्याला आता ‘स्पंज लूप’ म्हणतात. स्पंजांच्या शरीरातले सूक्ष्मजीव नायट्रोजनची रूपे बदलतात, काही फॉस्फरस साठवून ठेवतात. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

हा फेरा भित्तीला नेहमीच तारक ठरतो, असे मात्र मी म्हणणार नाही. कॅरिबियनमध्ये 1983–84 च्या साथीत शैवाल खाणारे डायाडेमा जातीचे समुद्री साळिंदर बहुसंख्येने मेले आणि अनेक भित्तींवर शैवाल माजले. शैवालातून झिरपणारा कार्बन स्पंजांना पोसतो, स्पंजांनी सोडलेली अन्नद्रव्ये शैवालाला पोसतात आणि मधल्या मध्ये प्रवाळाची जागा आक्रसत जाते, अशी मांडणी जोसेफ पॉलिक आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये केली. ही शक्यता मला गंभीर वाटते. म्हणूनच भित्तीचे आरोग्य केवळ वरून दिसणाऱ्या प्रवाळाच्या टक्केवारीवर ठरवणे मला अपुरे वाटते; पाहणीत कपारींमधल्या स्पंजांचीही मोजदाद व्हायला हवी.