बावीस नंबर

आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ तयार होतो तो जूनमध्ये, प्रवेशाच्या खिडकीवर. बारावीचा निकाल लागला की एखाद्या पेठेतली चार-पाच पोरे घोळक्याने येतात आणि त्यांतला सगळ्यांत धीट जिमखान्याच्या दारात उभा राहून विचारतो, "सर, आम्ही सगळी इथंच घेतो, फीचं तेवढं हप्त्यानं बघा की." त्या वर्षी नशीब बरे असेल तर घोळक्यात एक स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, आणि एक लेफ्टी निघतो. नसेल तर पाचही जण फॉरवर्ड. कोल्हापुरात फॉरवर्डना तोटा नाही, लेफ्ट बॅक मात्र दिवा घेऊन शोधावा लागतो.

बाहेरच्यांना एक गोष्ट सांगावी लागते. ही पोरे आमची असतात ती सकाळपुरती. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावे इथे शाळेच्या नावांआधी तोंडपाठ होतात. मुळात बहुतेक कुस्तीच्या तालमी, पुढे त्यांचे फुटबॉल संघ झाले आणि आज शाहू स्टेडियमवर दोन मोठ्या पेठांचा सामना असला की दुपारनंतर शहरातली निम्मी दुकाने पोऱ्याच्या भरवशावर चालतात. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगमध्ये सोळा संघ. त्यांतल्या एखाद्याचा अंगरखा अंगावर चढणे हे आमच्या मुलांचे खरे पदवीदान. कॉलेजचा संघ म्हणजे त्यांच्या लेखी पायमोकळी.

मी क्रीडा संचालक, मुलांच्या भाषेत जिमखाना सर. सहसा कोणाला ठाऊक नसलेले माझे मुख्य काम म्हणजे कागद. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या प्रवेशिकेला दहावीचे बोर्ड सर्टिफिकेट, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची फीची पावती, मागच्या परीक्षेचा निकाल, एखादे वर्ष मध्ये सुटले असेल तर गॅप सर्टिफिकेट लागते. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची पंचविशीची मर्यादा असते. एक झेरॉक्स कमी पडली तरी समोरच्या कॉलेजचा सर हरकत घेतो, आणि मीही घेतो. या खेळात आम्ही सर लोक मुलांपेक्षा जास्त फाउल करतो.

गेल्या वर्षी नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीसाठी संघाचे मागचे हंगाम काढून द्यायचे होते. प्राचार्यांना वाटत होते, रजिस्टर उघडले की झाले. उघडल्यावर निघाले असे: एक वर्ष विभागीय स्पर्धेतच बाद, २०२०-२१ चे पान कोविडमुळे कोरे, पुढे एकदा उपांत्य फेरी, आणि मग उपविजेतेपद. नॅकच्या तक्त्यात ५.३.१ म्हणून एक रकाना आहे, विद्यार्थ्यांनी मिळवलेली पदके आणि पुरस्कार. कंसात सूचना आहे की सांघिक पारितोषिक एकच धरावे. सतरा पोरांचा अख्खा हंगाम त्या रकान्यात एक या आकड्यात बसतो. सूचनेत गैर काही नाही. नाहीतर आमच्यासारख्यांनी एका ढालीची सतरा पदके करून दाखवली असती, हेही मला पक्के ठाऊक आहे. पण तो एक आकडा भरताना उपविजेतेपदाचा तो दिवस डोक्यात आला आणि अजून गेलेला नाही.

आंतरविभागीय स्पर्धेचा अंतिम सामना सकाळी साडेनऊला होता आणि त्याच दिवशी दुपारी चारला शाहू स्टेडियमवर मोठा सामना. तारखा कोणी मुद्दाम तशा घातल्या नव्हत्या. सेमी पावसाने पुढे गेली आणि सगळे एकावर एक आले. माझ्या अकरांतले सात जण कोणत्या ना कोणत्या तालमीचे, आणि दुपारच्या सामन्यात दोन्ही बाजूंनी मिळून तिघे. त्यांतला एक आमचा एक नंबर, म्हणजे गोलकीपर.

सकाळी पावणेसातला त्याचा मेसेज आला. "सर पाठ धरलीय, जमणार नाही. सॉरी."

पाठ नव्हती ते मलाही कळले आणि मला कळले हे त्यालाही कळले असणार. आदल्या रात्री तालमीतून निरोप गेला होता, सकाळी खेळायचे नाही. बाकीचे दोघे आले. त्यांना तसा निरोप नसावा किंवा त्यांनी तो ऐकला नसावा. मी विचारले नाही.

राखीव गोलकीपर म्हणून प्रवेशिकेत बावीस नंबरवर ज्याचे नाव होते तो मूळचा कबड्डीचा. शाहूवाडी तालुक्यातल्या वाडीवरून पहाटेच्या एसटीने येणारा, कबड्डी संघातला डावा कोपरारक्षक. दुसरा कीपर असावा म्हणून मी त्याला घातला होता, आणि त्याने आधीच्या सगळ्या सामन्यांत पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या. त्याला सांगितले, आज तू उभा राहा. तो म्हणाला, "राहतो की. पर सर, उंच बॉलला काय करायचं?"

इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण हे बघायला मिळाले याचा मला आनंद आहे. कबड्डीतला कोपरारक्षक चढाई करणाऱ्याचा चेहरा बघत नाही. त्याची नजर सगळा वेळ पायावर असते, भार कोणत्या पायावर आहे आणि कोणता पाय सुटणार आहे याच्यावर. त्यामुळे समोरासमोर एकटा फॉरवर्ड आला की हा पोरगा गडबडत नाही. गुडघ्यात वाकून दोन पावले पुढे येतो, थांबतो आणि फॉरवर्डचा पाय चेंडूपासून वीतभर लांब गेला की झडप घालतो. पहिल्या हाफमध्ये असे दोन चेंडू त्याने पायातून काढून घेतले. शिकवून दहा वर्षांत येणार नाही असे टायमिंग. पण कबड्डीत मान वर करायची वेळच येत नाही. कॉर्नर आला की त्याची नजर गर्दीतल्या पायांवर आणि चेंडू डोक्यावरून. बाविसाव्या मिनिटाला तसाच एक गोल खाल्ला.

जर्सीचे प्रकरण त्याआधीचे. कीपरची आमच्याकडे एकच जर्सी, ती एक नंबरच्या घरी धुवायला. रेफ्रींना कीपर वेगळ्या रंगात पाहिजे. शेवटी व्हॉलीबॉलची पिवळी जर्सी काढली, तिच्यावर पाठीमागे ४. प्रवेशिकेत २२. रेफ्री म्हणाले नंबर जुळला पाहिजे, आणि त्यांचे बरोबरच होते. फिजिक्सच्या लॅबमधून काळी चिकटटेप आणली, चारवर दोन पट्ट्या आडव्या मारून तो झाकला आणि बाजूला दोन दोन काढले. डावीकडचा दोन सरळ आला, उजवीकडचा उलटा. सामना सुरू व्हायला नऊ मिनिटे उशीर झाला. ग्लोव्ह्जही नव्हते, तेही त्याच घरी. पोरगा म्हणाला नको, आणि गोलपोस्टजवळची फक्की मिसळलेली माती तळहाताला चोळली.

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही बरोबरी केली. आमच्या दहा नंबरची फ्रीकिक, भिंतीवरून. तो दुपारी एक नंबरच्या विरुद्ध तालमीकडून खेळणार होता, आणि सकाळभर तो पाय वाचवून खेळत होता हे मला टचलाइनवरून दिसत होते. दोघांपैकी कोणालाही मिळेल अशा प्रत्येक पन्नास-पन्नास चेंडूला तो अर्धे पाऊल मागे. त्याला ओरडावे असे वाटले आणि ओरडलो नाही. तो आला होता, हेच पुष्कळ.

टायब्रेकर. समोरच्यांच्या पाच किकांपैकी बाविसाने दोन अडवल्या. दोन्ही वेळा तो आधी उडाला नाही. किक मारणाऱ्याचा टेकलेला पाय जिकडे वळला तिकडे गेला. आमच्या पाचांपैकी तीन वाया गेल्या. एक दहा नंबरची, तीही बारवरून. शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीसमोर जो पेनल्टी चुकत नाही तो इथे शंभर-दीडशे माणसांसमोर चुकला. आम्ही उपविजेते.

मैदानाच्या कडेला विद्यापीठ संघाच्या निवडीसाठी जाणकार बसले होते. त्यांतल्या एकाने मला विचारले, "तुमचा एक नंबर कुठाय?" मी म्हणालो, पाठ धरलीय. मला जे कळवले गेले तेच मी कळवले. त्यांनी मान डोलावली आणि यादीत खूण केली. त्यांनी त्याला आधीचे सामने खेळताना पाहिले होते, आणि निवड एका सकाळीवर होत नाही. शिबिराच्या यादीत एक नंबर आला. बावीस नंबर आला नाही. कॉर्नरला मान खाली घालणारा कीपर पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत नेऊन चालणार नाही, हे मी निवड समितीत असतो तरी म्हटले असते.

दुपारी मी शाहू स्टेडियमवर गेलो. रागाने गेलो म्हणा, सवयीने म्हणा. गॅलरी भरलेली, पोलीस, हलग्या, झेंडे, माईकवरून कोणा दुकानदाराने लावलेली बक्षिसे. गोलमध्ये आमचा एक नंबर. पाठ छान चालत होती. सामन्याच्या शेवटी-शेवटी त्याने उजवीकडे झोकून देऊन एक चेंडू बोटाने पोस्टबाहेर काढला, तेव्हा माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "नाद खुळा!" मीही ओरडलो होतो. ओरडून झाल्यावर लक्षात आले की त्याच्या हातातले हिरवे ग्लोव्ह्ज जिमखान्याचे आहेत. डेडस्टॉक रजिस्टरला त्यांचा नंबरही आहे.

हे मी स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा आमचे एक सहकारी म्हणाले, "काढून टाका संघातून, शिस्त म्हणून काही आहे की नाही?" शिस्तीवर बोलणाऱ्या या गृहस्थांनी आजवर एकही सामना पाहिलेला नाही. प्राचार्यांनी उलटे केले. निवडीची बातमी येताच गेटवर एक नंबरच्या फोटोचा फ्लेक्स लावला, "आमच्या महाविद्यालयाचा अभिमान". दोघांचेही मला पटले नाही.

कारण त्या मुलाच्या गुडघ्याची गोष्ट मला माहीत आहे. आदल्या हंगामात त्याचे लिगामेंट तुटले, तेही कॉलेजच्या सामन्यात, आमच्या जर्सीत. ऑपरेशनचा खर्च तालमीने वर्गणी काढून केला. पेठेतल्या भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांनी दिले. आम्ही काय दिले? विद्यार्थी विम्याचा फॉर्म भरला, त्याची रक्कम बिलाच्या मानाने काहीच नव्हती. मी पुष्पगुच्छ घेऊन गेलो होतो. मग निरोप आल्यावर त्या मुलाने कोणाचे ऐकावे? नंतर तो भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, "सर, पेठंत तोंड दाखवायचं असतंय." मी त्याला ग्लोव्ह्ज जमा कर म्हणालो. त्याने दुसऱ्या दिवशी धुऊन आणून दिले.

आणि तरीही बाविसाचे काय, हे सुटत नाही. विद्यापीठाकडून उपविजेतेपदाची प्रमाणपत्रे आली, सतरा, सगळी एकाच साच्यातली. अंतिम सामना न खेळलेल्या एक नंबरचे आणि खेळलेल्या बाविसाचे अक्षरशः सारखे. एक नंबर पुढे पश्चिम विभागात खेळला, त्याला युनिव्हर्सिटी कलर, म्हणजे विद्यापीठाकडून खेळल्याचा मान, मिळाला, ब्लेझर घालून तो जिमखान्यात आला तेव्हा मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू. बावीस नंबर प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून विचारायला आला की पोलीस भरतीला खेळाडूंच्या पाच टक्क्यांत हे चालेल का. चालत नाही. तिथे किमान राज्य पातळीचे लागते, आणि ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांचे प्रकरण गाजल्यापासून पडताळणीही कडक झाली आहे. त्याला हे सांगताना मी इकडचे तिकडचे बरेच बोललो. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग कबड्डीचं स्टेटचं चालंल न्हवं?" चालेल म्हणालो.

यंदा जिमखाना फीतून कीपरच्या दोन जर्सी घेतल्या, १ आणि २२. कोटेशन तीन लागतात, ती आणली. बाविसाला रोज कबड्डीचा सराव झाल्यावर अर्धा तास थांबवून घेतो. मी कॉर्नरवरून उंच चेंडू टाकतो, तो पकडतो. आता दहांतले सहा-सात धरतो. सुरुवातीला चेंडू येताना डोळे मिटायचा, ते गेले आहे.

प्रवेशिका परवा पाठवली, दोघांची नावे घालून. आमच्या विभागीय सामन्याची तारीख आली आहे. लीगचे वेळापत्रक अजून यायचे आहे.