बेळगावचं कार्ड, बँकॉकचं एटीएम

आमच्याकडे सीमा म्हटली की वादाच्या गोष्टी निघतात, पैशाच्या नाही. निपाणी सोडून कोगनोळी ओलांडली की पाट्या बदलतात, खिशातली नोट तीच राहते. बँकॉकला जायचं ठरलं तेव्हा मात्र पैशाचाच विचार आधी करावा लागला.

बरोबर टिळकवाडीतले अण्णा-वैनी. अण्णांचं म्हणणं, "कार्ड गोव्यात चालतंय, मुंबईत चालतंय, तिथं न चालायला काय झालं ओ?" पण ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड हातात येतं ते फक्त देशात चालणारं. परदेशातला वापर आपणच चालू करायचा. ॲपमध्ये एटीएम, दुकान, ऑनलाइन अशी वेगवेगळी बटणं असतात, प्रत्येकाला मर्यादाही घालता येते. आम्ही पहिली दोन चालू केली, ऑनलाइन बंदच ठेवलं. परदेशी साइटवर ओटीपी न मागताही पैसे कापले जाऊ शकतात. वैनींच्या पर्समध्ये दुसऱ्या बँकेचं कार्ड वेगळं. एक अडकलं तर दुसरं हाताशी हवं.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर एटीएमपाशी गेलो. पिन टाकला, रक्कम टाकली, तर पडद्यावर सूचना आली: परदेशी कार्डाला २२० बाट (तिथलं चलन) शुल्क, मान्य आहे का? असं शुल्क दर वेळेला लागतं, तुम्ही कितीही काढा. १,००० बाट काढले तर बावीस टक्के तिथंच गेले, १०,००० काढले तर दोन टक्क्यांच्या थोडं वर. म्हणून थोडे थोडे काढण्यात अर्थ नाही. आपली बँक वर परदेशी चलनाचं शुल्क लावते ते वेगळंच. बऱ्याच कार्डांवर ते साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं, त्यावर जीएसटी.

खरी गंमत पुढच्या पडद्यावर. मशीन विचारतं, खात्यातून रुपयांत कापू का? खाली रुपयांतला आकडा अगदी व्यवस्थित छापलेला. अण्णांचं बोट तिकडं निघालंच होतं. "रुपयात बरं की, कळतंय तरी किती गेले ते!" कळतं खरं, पण तो दर मशीनवाला ठरवतो आणि त्यात त्याचा नफा धरलेला असतो. नाही म्हटलं की व्यवहार बाटमध्ये होतो आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो, तो सहसा बराच बरा असतो. नकाराचं बटण दाबलं म्हणून व्यवहार रद्द होत नाही, नोटा येतातच. मॉलमधल्या स्वाइप मशीनवरही हाच प्रश्न येतो, तिथंही बाटच सांगायचं. कधी कधी दुकानदार न विचारताच रुपये निवडून मोकळा होतो, तेव्हा सही करण्याआधी चिठ्ठी वाचा.

चातुचाक बाजारात कार्डाचा फारसा उपयोग झाला नाही. ठेल्याठेल्यावर क्यूआर, पण तो प्रॉम्प्टपेचा, म्हणजे फोनवरून पैसे द्यायच्या तिथल्या व्यवस्थेचा. आमचं ॲप तो वाचेना. खडेबाजारात भाजीलासुद्धा फोन पुढं करणाऱ्या वैनी तिथं नोटा मोजून देत होत्या आणि घासाघीसही करत होत्या, बोटांवर आकडे दाखवून. नारळपाण्यावर दहा बाट कमी करून घेतले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

बँकेचे मेसेज येणारं सिम मी फोनमधून काढलं नव्हतं, तिथलं सिम दुसऱ्या खाचेत. पैसे काढल्याचा मेसेज लगेच आला की जिवाला बरं वाटतं.

घरी पोचल्यावर चहाच्याही आधी अण्णांनी ॲप उघडून परदेशी वापर बंद केला. वैनी म्हणाल्या, "करा बंद. पुढच्या वेळी चालू करायला मलाच हाक मारणार की!"