कॅमेरा भिंतीकडे

श्टुटगार्टला येऊन मला तीन वर्षं झाली. एवढ्या काळात आईनं माझ्या घरातली एकच भिंत पाहिली होती. खिडकीच्या डाव्या बाजूची, पांढरी. दर शनिवारी व्हिडिओ कॉलच्या आधी मी खुर्ची त्या भिंतीला लावायचो, म्हणजे मागं नुसतं पांढरं दिसायचं. "किती नीट ठेवलायस रे घर," असं आई बेळगावच्या शहापुरातनं म्हणायची आणि मी मान डोलवायचो.

भिंतीसमोरचं सांगतो. घर एका खोलीचं. सिंकमध्ये कुकर, तळाला वरण वाळून मे महिन्यातल्या शेतासारख्या भेगा पडलेल्या. दुसऱ्या खुर्चीवर कपडे. त्यातले धुतलेले कुठले ते वास घेऊन ठरवायचं. पलंगाखाली पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या. त्या टाकवत नाहीत, कारण इथं बाटलीमागे 25 सेंट अनामत असते आणि दुकानातल्या मशीनमध्ये बाटली घातली की ती परत मिळते. तेवढ्यासाठी आपला बेळगावचा माणूस बाटल्या साठवतो, पण दुकानापर्यंत नेत मात्र नाही.

आळस म्हणाल तर थोडा होताच. पण उन्हाळ्यात ऑफिसचं एक काम अंगावर आलं, रात्री दहाला जेवण व्हायला लागलं, आणि एका टप्प्यानंतर पसाऱ्याकडं बघितलं की छातीत धडधडायचं. दारात उभा राहायचो. कुठनं धरावं कळायचं नाही. मग तसाच पलंगावर आडवा, हातात मोबाइल.

शहापूरच्या घरी हे कधी कळलंच नव्हतं. मी टाकलेला टॉवेल संध्याकाळी दोरीवर वाळत असायचा. तो तिथवर स्वतः चालत जात नाही, हे सत्ताविसाव्या वर्षी जर्मनीत येऊन कळलं.

त्यात सप्टेंबरच्या शेवटी दारावर पाटी लटकली. इकडच्या श्वाबन भागात हा प्रकार आहे, केरवोखं. म्हणजे झाडायचा आठवडा. पाटी ज्याच्या दाराला, त्यानं त्या आठवड्यात जिना, तळघर, दारापुढचा रस्ता साफ करायचा आणि रविवारी पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. लोक हौसेनं सांगतात, की श्टुटगार्टच्या 1492 च्या नगरनियमांतच प्रत्येकानं दर आठवड्याला आपली घाण बाहेर नेऊन टाकावी असं लिहिलंय. मी जिना लख्ख पुसला. दोन मजले, कठड्यासकट. पुसून वर आलो, दार उघडलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

त्याच शनिवारी सकाळी नऊला कॉल लागला, म्हणजे बेळगावात साडेबारा. खुर्ची लावायला गेलो, मोबाइल हातातनं सुटला आणि कपड्यांच्या ढिगावर उताणा पडला. उचलेपर्यंत कॅमेऱ्यानं सगळं दाखवलं होतं. सिंकसुद्धा.

ती ओरडेल म्हणून मी गप्प. थोड्या वेळानं म्हणाली, "बाळा, बरं हाय नव्हं तुला?"

मी "होय की" म्हणालो आणि पुढं काही बोलता आलं नाही.

तिच्याकडंही त्या दिवशी घर उलटंपालटं होतं. घट बसायच्या आधीची साफसफाई. आमच्याकडं नवरात्राआधी घरातलं कापड न् कापड धुवून निघतं. पूर्वी वाकळा घेऊन बायका मार्कंडेय नदीवर जायच्या, आता गच्चीवरच्या नळावर भागतं. शिवाय बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर ट्रंकेतल्या कपड्यांना कोंदट वास आणि चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी. तिच्या मागं अंगणात डबे पालथे, चिंच-मीठ लावलेली तांब्याची कळशी, आणि "आज जेवण हाय काय नाही?" असा बाबांचा आवाज.

तिनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. "मी हिकडं करूलेय, तू तिकडं कर. बोलायचं काय नाही. फोन चालू असू दे."

मी आधी कपाट उघडायला गेलो. तिथं तिनं अडवलं. "कपाट उघडलास की संपलं. जे कुसतंय ते आधी." म्हणजे ओलं खरकटं, सडलेले दोन कांदे, चहाचा चोथा. मग खिडकी. गंमत म्हणजे घरमालकानं भाडेकरारात हेच लिहून दिलंय, की दिवसातनं दोनतीनदा खिडक्या सताड उघडून हवा बदला, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. मग कुकरात गरम पाणी नि साबण घालून तो बाजूला. "त्याला घासत बसू नको, त्याचा तो भिजू दे." हे वाक्य मला फार आवडलं. दोन महिने मी त्या कुकराला घाबरत होतो, आणि त्याला फक्त भिजत ठेवायचं होतं.

कचरा टाकायला मात्र वेळ गेला. इथं कागद वेगळा, पॅकिंगचं प्लास्टिक वेगळं, भाजीचा वेगळा, उरलेला वेगळा. काचेच्या बाटल्या चौकातल्या टाक्यांत, पांढरी, तपकिरी, हिरवी अशा रंगानं, आणि रविवारी नाही, कारण फुटण्याचा आवाज होतो. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आणि रद्दीवाला?" रद्दीवाला नसतो म्हटल्यावर तिला माझी पहिल्यांदा खरी दया आली.

मधेच कामाला येणाऱ्या अक्का स्क्रीनमध्ये डोकावल्या. मी गुडघ्यावर बसून पलंगाखालचं ओढत होतो. "हुडगा कस गुडसाकत्तान?" पोरगा केर काढतोय, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्या कन्नडमध्ये हसल्या, आई मराठीत हसली, दोघींचं वीस वर्षं असंच चाललंय.

दीड वाजेपर्यंत जमीन दिसली. बाटल्या निघाल्या सदतीस, म्हणजे सव्वानऊ युरो. राहिली ती पत्रं. जर्मनीत अजून सगळं टपालानं येतं: विमा, बँक, रेडिओ-टीव्हीची वर्गणी, जी घरात टीव्ही नसला तरी महिना 18.36 युरो भरावीच लागते. त्या ढिगात एक पत्र मी मुद्दाम खाली दाबलं होतं. माझा जन्मदाखला कन्नडमध्ये, जन्मगावाचं स्पेलिंग जुनं. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं नाव बदलून बेळगावी केलं, माझी पदवी त्यानंतरची, म्हणून तिच्यावर नवीन. इथल्या एका कचेरीला प्रश्न पडलाय की ही दोन गावं आहेत का एकच. आता ह्याचं उत्तर जर्मनमध्ये कसं लिहायचं? आमच्याकडं तर ते मराठीतसुद्धा एका पानात बसत नाही.

"ते आज नको," आई म्हणाली. "खोक्यात घाल, दाराजवळ ठेव. पुढच्या शनिवारी मी माळा काढणार हाय, तू कागद काढ."

माळ्यावर काय आहे ते मला ठाऊक आहे. माझी पाचवीपासूनची सगळी पुस्तकं, वह्यांसकट. दरवर्षी ती खाली उतरवते, पुसते आणि परत वर ठेवते.