डिकन्सच्या घरातली मेहुणी

लंडनच्या रसेल स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडलं की डाऊटी स्ट्रीट दहा मिनिटांच्या चालीवर. तिथल्या ४८ नंबरच्या घरात इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८३७ ते १८३९ या काळात राहिला. आता तिथे त्याचं संग्रहालय आहे. मी गेले होते त्याचं लिहायचं टेबल बघायला; पण जास्त वेळ थांबले ते जॉर्जिना होगार्थच्या चित्रापुढे.

ऑगस्टस एगने ते १८५०च्या सुमारास काढलं. जॉर्जिना शिवण घेऊन बसली आहे. बस्स, एवढंच. पुढे याच एगने तिला मागणी घातली आणि तिने नकार दिला.

जॉर्जिना ही डिकन्सची बायको कॅथरीन हिची धाकटी बहीण. मधली बहीण मेरी याच घरात, वरच्या खोलीत, १८३७ साली सतराव्या वर्षी गेली. जॉर्जिना तेव्हा दहा वर्षांची. १८४२ मध्ये बहिणीकडे राहायला आली ती कायमचीच. कॅथरीनची एकामागून एक बाळंतपणं, एकूण दहा मुलं. त्यांना अक्षरं शिकवणं, घर सांभाळणं हळूहळू मावशीकडे आलं. आपल्याकडेही घराघरांत अशी एक बिनलग्नाची मावशी असायची. फोटोत कडेला उभी. म्हणून मला हे चित्र मोलाचं वाटतं. इथे ती कडेला नाही.

मग १८५८ उजाडलं. डिकन्सने कॅथरीनला वेगळं केलं. थोरला मुलगा आईबरोबर गेला, बाकीची मुलं वडिलांकडे राहिली, आणि जॉर्जिनाही राहिली. सख्ख्या बहिणीला घराबाहेर जावं लागलं, तरी ती राहिली! माहेरची माणसं दुखावली, लोक नको ते बोलू लागले. मला तिचा राग येतो. पण लहान मुलांना सोडून ती कुठे जाणार होती, हाही प्रश्न मनातून जात नाही. कॅथरीनची बाजू मात्र मी सोडणार नाही. तिचं घर गेलं, मुलं गेली.

८ जून १८७०. केंटमधलं गॅड्स हिलचं घर. रात्रीच्या जेवणाला टेबलावर दोघंच, डिकन्स आणि जॉर्जिना. त्याला अस्वस्थ वाटू लागलं. तिने आडवं व्हायला सांगितलं. ‘हो, जमिनीवर,’ एवढंच तो बोलला. दुसऱ्या दिवशी तो गेला. मृत्युपत्रात त्याने तिला ८,००० पौंड आणि आपले खाजगी कागद ठेवले होते.

नंतर तिने त्याच्या थोरल्या मुलीबरोबर बसून त्याची पत्रं निवडली, छापली. १९१७ पर्यंत ती जगली.

निघताना मी पुन्हा चित्रापाशी गेले. शिवण अजून हातातच होती.