आवाज थांबतो तिथे

काकू आमच्या स्लीप लॅबमध्ये, म्हणजे रात्रभर झोप तपासतात तिथे, आल्या त्या सुनेच्या हट्टापायी. वय ५२. बीपीच्या तीन गोळ्या चालू, तरी वरचा आकडा १५० च्या खाली येत नव्हता. सकाळी उठल्याउठल्या डोकं जड, दुपारी भाजी निवडता निवडता डुलकी. रात्री दोनतीनदा लघवीला उठावं लागतं म्हणून साखर तपासून झाली, थायरॉइडही झालं. ‘पाळी जाताना असं होतंच’ म्हणत कुणीतरी झोपेची गोळी चालू केली होती. घोरणाऱ्या माणसाला अशी गोळी देताना फार सांभाळावं लागतं. तिने घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात आणि गुदमरल्यावर जाग यायलाही उशीर लागतो. जुने सगळे कागद मी चाळले. घोरणं हा शब्द एकाही चिठ्ठीवर नव्हता. पुरुष असता तर पहिल्याच भेटीत विचारलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

सुनेने मोबाइलमधल्या क्लिप ऐकवल्या. प्रत्येक क्लिप घोरणं थांबलं की संपत होती.

“पुढे का नाही केलं रेकॉर्ड?”

“ताई, आवाजच थांबला, मग काय करायचं?”

मला ऐकायचं होतं ते नेमकं त्यानंतरचं. शेजारी बसलेले काका म्हणाले, “मधेच ती शांत होते ना, तेवढ्यात माझा डोळा लागतो.”

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

रात्री तारा लावायला घेतल्या तर केसांत खोबरेल तेल. शाम्पूने धुऊन या, तेल लावू नका, असं आम्ही छापूनच देतो. पण दवाखान्यात जायचं म्हणून बायका तेल चोपून, घट्ट वेणी घालून येतात. तेलावर इलेक्ट्रोड धरत नाही. मी वेणी सोडली, टेपने डोकं मोजून खुणा केल्या, एकेक जागा खरखरीत जेलने घासली आणि इम्पिडन्स, म्हणजे कातडीचा विजेला होणारा अडथळा, पाच किलोओहमच्या खाली आल्यावरच पुढे गेले. घाईत लावलेली तार पहाटे निघते आणि रात्र वाया जाते, म्हणून या कामात मी कुणाचं ऐकत नाही. मग डोळ्यांजवळ, हनुवटीवर, पायांवर तारा, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकात नळी, बोटाला क्लिप. काकू एवढंच म्हणाल्या, “रिपोर्टात घोरते असं लिहू नका हं, लेकीला बघायला यायचेत.”

झोप लागली आणि लगेच सुरू झालं. नाकातल्या हवेची रेघ सपाट, खाली पट्ट्यांच्या रेघा मात्र हलतायत, त्याही उलटसुलट: छाती आत, तेव्हा पोट बाहेर. म्हणजे शरीर श्वास ओढतंय, पण घसा मिटलाय. असं दहा सेकंद टिकलं की आम्ही ॲप्निया, म्हणजे श्वास अडला असं धरतो. पहिली स्वप्नांची झोप आली तेव्हा काकूंचा एक श्वास ५४ सेकंद अडला. बोटावरचा ऑक्सिजन उशिरा पडतो, त्यामुळे त्या गुरकावून श्वास घेऊ लागल्या तरी आकडा उतरतच होता. ७१ ला थांबला. पहिल्या दोन तासांत तासाला ४८ वेळा श्वास अडला होता. ३० च्या वर गेलं की हा आजार, स्लीप ॲप्निया, तीव्र. आमच्या नियमाप्रमाणे मी मास्क लावून सीपॅप, म्हणजे दाबाने हवा देणारं मशीन, सुरू केलं आणि दाब एकेक करत ११ पर्यंत नेला. त्यानंतर काकू सलग स्वप्नांच्या झोपेत गेल्या.

सकाळी डॉक्टरांच्या परवानगीने काकाकाकूंना आणि सुनेला ते ५४ सेकंद व्हिडिओवर दाखवले. काका म्हणाले, “पण ही तर शांत झोपलीय.” सुनेने त्यांना पोटाकडे बघायला सांगितलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले आणि बातम्यांत या आजाराचं नाव आलं, तेव्हा लॅबचा फोन थांबत नव्हता. विचारणा जवळजवळ सगळी पुरुषांसाठी. बायका मात्र घोरणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून लग्नाला गेल्या की सगळ्यांत शेवटी झोपतात, प्रवासात रात्रभर जाग्या राहतात. ज्या बाईला दुसऱ्या खोलीत झोपायला पाठवलं, तिचा श्वास अडलेला कोण बघणार?

मशीन महिन्याच्या भाड्याने घरी गेलं. दोन दिवसांत नात्यात बातमी, ‘तिला ऑक्सिजनवर ठेवलंय.’ त्यात ऑक्सिजन नसतो. खोलीतलीच हवा दाबाने आत जाते आणि घसा उघडा राहतो. हे मी फोनवर त्यांच्या नणंदेलाही समजावलं.

महिन्याने मशीनचं कार्ड वाचलं. वापर रात्री जेमतेम अडीच तास. किमान चार तरी हवेत. काकू दीडच्या सुमाराला मास्क काढून ठेवतात, आणि स्वप्नांची झोप जास्त येते ती पहाटे. म्हणजे सगळ्यांत वाईट तास उघडेच. नाकाच्या हाडावर वळ दिसला. मास्क मोठा होतोय, म्हणून त्या पट्टे आवळतात. पुढच्या खेपेला फक्त नाकपुड्यांशी बसणारा लहान मास्क लावून बघायचाय. काकांनाही बोलावलंय. दीड वाजता मास्क परत चढवायला जागं असणारं त्या खोलीत दुसरं कुणी नाही.